दोन बोल्टांचं काम

१२ डिसेंबर, सावदा

पोचलो बुवा एकदाचा! धुळ्याहून वेल्डिंग मशीन, कटर, दोर असा सगळा संसार टेम्पोत घालून निघालो, तो दुपारी सावद्यात. ही खरं तर मापाची वही. पण इथं बोलायला कोणी नाही, म्हणून मागच्या पानांवर लिहायला घेतलं.

पारसशेठ केळीचे व्यापारी, माणूस मोकळा. बंगल्याशेजारी त्यांचं गॅरेज आहे, त्यावर मजला चढवायचा. गवंड्यांनी स्लॅब टाकून गुडघाभर विटा वर आणून ठेवल्यात. आता लोखंडी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे पाइपांचे सांगाडे, आणि पत्रा माझ्याकडं. छप्पर मात्र साधं नको. लेकीनं अमेरिकेतून फोटो धाडलाय, तिकडच्या चाऱ्याच्या कोठाराचा. दोन्हीकडचा उतार मध्येच मोडलेला, खाली उभा आणि वर पसरट. शेठाणी चेलनाभाभींना हुबेहूब तसंच पाहिजे. वरच्या मजल्यावर त्या गावातल्या मुलींना चित्रकला शिकवणार. मी म्हटलं, भाभी, गाडीच्या डोक्यावर गोठा बांधताय की! त्या खळखळून हसल्या आणि ताटात आणखी दोन फुलके वाढले.

अशी मोडीची कैची मी जन्मात केली नाही. झुलालला फार आवडलं असतं हे काम. झुलाल म्हणजे माझा धाकटा भाऊ. बावीस वर्षं आम्ही जोडीनं कैच्या चढवल्या. दसऱ्याच्या आधी नरडाण्याला एका शेडवरून पडला आणि गेला. उंचावर पडू नये म्हणून हुकाचा पट्टा असतो, तो कमरेला बांधायचा त्याला कंटाळा. हट्टीच होता, काय करणार. नवं गाव, नवं काम, जरा बरं वाटेल म्हणून तर आलो.

१५ डिसेंबर

पहिली कैची उभी राहिली. मदतीला वनाआबा म्हणून इथलेच साठीचे गृहस्थ आहेत. हात सावकाश चालतो, तोंड भराभर. आज त्यांनी घरून भरीत आणलं होतं. शेठ जैन, त्यांच्या आवारात वांगं चालत नाही, म्हणून आम्ही दोघं रस्त्यावर टेम्पोच्या आडोशाला बसून चोरासारखे जेवलो. फार दिवसांनी हसलो.

एक गंमत झाली. आबा जेवणानंतर घरी जाऊन येतो म्हणाले. मी एकटाच वर माप घेत होतो. सवयीनं टेप सोडला आणि म्हटलं, धर रे. टेप ताठ झाला. अठरा फूट चार इंच. लिहूनही घेतलं. मग ध्यानात आलं की पलीकडं कोणीच नाही.

खिळ्यात अडकला असेल. जाऊन पाहिलं, तिथं खिळा नव्हता. माप मात्र बरोबर निघालं.

१७ डिसेंबर

सकाळी वर गेलो तर स्लॅबवर सिमेंटची भुकटी पसरलेली, आणि त्यात पावलं. अनवाणी. डाव्या पायाला चारच बोटं.

झुलालच्या डाव्या पायाची करंगळी पाचोऱ्याच्या कामावर पाइपाखाली गेली होती. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा.

आबांना विचारलं. ते म्हणाले, कुठं काय, तुमचीच असतील. मी बूट घालतो. झाडू घेऊन सगळं साफ केलं. 

आता लिहितोच. आमच्याकडं माणूस गेला की जिथं त्याला शेवटचं ठेवलं होतं तिथं पीठ पसरतात, दिवा लावतात आणि वर टोपली झाकतात. सकाळी ठसा बघायचा. पाखराचा उमटला तर पाखराचा जन्म मिळाला, सुटला बिचारा. थोरला म्हणून टोपली मी उचलली. बाकीचे मागं उभे होते. पिठात झुलालचं पाऊल होतं. चार बोटांचं, दाराकडं नाही, घरात वळलेलं. मी पटकन हात फिरवला आणि सांगितलं, पाखराचा पंजा होता. बाया रडत होत्या, त्यांनी हात जोडले. झुलालची बायको रत्ना तेवढी कोरडी उभी होती.

गेलाच नाही तो. आणि मी सगळ्यांना सांगितलं, गेला.

२० डिसेंबर

पट्टा मी खाली गॅरेजात खुंटीला अडकवतो. आज सकाळी तो वर आढ्याच्या पाइपाला होता. बक्कल लावलेलं, तिसऱ्या भोकात. मी पोटानं सुटलेला माणूस, मला शेवटचं भोक लागतं. तिसरं झुलालचं.

आबा देवाची शपथ घेतात. मी त्यांच्यावर उगाच ओरडलो. म्हातारा माणूस, खाली मान घालून पाइप पुसत बसला. फार वाईट वाटलं.

संध्याकाळी रत्नाचा फोन. आधी विचारलं, नाना, तठे बठ्ठं नीट शे ना? तिकडं सगळं ठीक ना म्हणून. मग म्हणाली, तिनं झुलालचा फोटो भिंतीवरून काढून कोठीत टाकलाय. बघवत नाही म्हणे. एवढा साधा पट्टा बांधता आला नाही त्याला, माझी आठवणही आली नाही वर चढताना, आता मी का रडू त्याच्यासाठी. अडीच महिने झाले, तिच्या डोळ्याला पाणी नाही.

मी हूं हूं करत राहिलो. फोन ठेवला तेव्हा पट्टा माझ्या मांडीवर होता. मी घेतला नव्हता.

२२ डिसेंबर

शेवटची कैची चढली. मोड छान जुळली. जड होती, मी आणि आबा दोघांना पेलणारी नव्हती. आबा म्हणाले, मगनभाऊ, पलीकडचं टोक कोणी उचललं?

ते घरी गेले. येणार नाहीत आता.

आढ्याचे दोन बोल्ट राहिलेत. फक्त दोन.

दोनच—

२३ डिसेंबर

काम बंद. खाली बसून आहे. वर कोणीतरी चालतंय, भरदुपारी. एक पाय नीट पडतो, एक जरा तिरका. शेठ म्हणतात, मांजर असेल. भाभींनी चहा पाठवला. प्यायलो नाही.

लिही, मगन. इथं तरी लिही.

नरडाण्याला पट्टा एकच होता. दुसरा तुटला होता, नवा घेऊ घेऊ म्हणत राहिलो. तो एक माझ्या कमरेला. चहाला म्हणून मी खाली उतरलो, सोडला नाही. आढ्याचे दोन बोल्ट राहिले होते. तो म्हणाला, नाना, पट्टा दे. मी कप हातात घेऊन म्हटलं, दोन बोल्टांचं तर काम, जा चढ.

तो चढला. माझं ऐकायचा तो. जन्मभर ऐकलं.

खाली त्याच्याजवळ बसलो तेव्हाही पट्टा माझ्याच कमरेला होता. लोक जमायच्या आत सोडला. आणि सांगितलं, त्यानं घातलाच नाही, हट्टी होता.

माझ्या झुलालला मी हट्टी म्हटलं.

रत्नाला फोन केला. उद्या ये. सांगायचंय. काय ते फोनवर सांगता येईना.

२४ डिसेंबर, दुपार

वर आहे. आढ्यावर. दोन बोल्ट लावून टाकू म्हटलं, रत्ना येईपर्यंत. पट्टा मुद्दाम खाली ठेवला. काय व्हायचं ते होऊ दे म्हणून—

पहिला बोल्ट फिरवला. पलीकडून बोल्टचं डोकं कोणी तरी धरलं. पाना घसरेना. तो धरायचा तसंच.

मग मागून पट्टा आला. कमरेभोवती. बक्कल लागलं. तिसरं भोक.

सुटत नाही. श्वास पुरत नाही. हूक आढ्याला. पडू देत नाही मला, उतरूही देत नाही. मी म्हटलं, झुलाल, मार पाहिजे तर. तो नुसता आवळतोय. काळजीनं आवळावा तसा—

फाटक वाजलं. रत्ना.

जिना चढतेय. तिच्या चपलांचा आवाज. त्यामागं अनवाणी, एक पाय तिरका—

ती बघतेय माझ्याकडं. विचारतेय, नाना, एवढा घट्ट कोणी बांधला? विचारतेय, तुमच्याजवळ ते कोण—

आवाज फुटत नाही माझा. लिहितो. वही खाली टाकतो. सांगतो रे बाबा, सांगतो, जरा सैल कर—

रत्ना, वाच. मागची सगळी पानं वाच. तो हट्टी नव्हता. त्यानं पट्टा मागितला होता. फोटो भिंतीला लाव, रड त्याच्यासाठी, पोटभर रड. पट्टा एकच होता, आणि त्या दिवशी तो माझ्या—