एम्ब्रा म्हणजे पुरुष

३ मार्च
परदेशातली पहिली ऑर्डर! पितळी कपलिंग, दोन हजार नग. इतकी वर्षं गावभरचे नळ जोडले, आता समुद्रापलीकडचे जोडणार. एकच शब्द अडला. गिऱ्हाइकाने फोनवर दहादा सांगितला : एम्ब्रा. फोरमन म्हणाला, "शेठ, नर की मादी, तेवढं विचारून घ्या." विचारायचं? पहिल्याच ऑर्डरला अडाणी ठरायचं? आपले कान तिखट आहेत.

४ मार्च
लावला छडा. काउबॉयच्या सिनेमांत एकमेकांना 'ओम्ब्रे' म्हणतात. ओम्ब्रे म्हणजे पुरुष. एम्ब्रा त्याचाच सख्खा भाऊ. म्हणजे नर; आटे बाहेरून. पाच मिनिटांचं काम. प्रोफेसर लोक यासाठी पगार घेतात.

५ मार्च, सकाळ
सूनबाईंनी नाक खुपसलं. गिऱ्हाइकाचीच भाषा, स्पॅनिश, शिकवतात; सध्या बाळंतपणाच्या रजेवर. म्हणे, "बाबा, एम्ब्रा म्हणजे मादी. मूळ लॅटिन शब्द फेमिना, दूध पाजणारी. फ चा ह झाला, मग तो ह पण मुका झाला." वा! मग फुलाला आधी हूल म्हणा, नंतर ऊल. ही म्हणाली, "अहो, ती शिकलीय त्यातलं." शिकलीय! मी न शिकता कारखाना उभा केला. निश्चय : घरात धंद्याचा विषय बंद.

९ मार्च
फोरमन पुन्हा, "शेठ, एकदा फोन..." त्याला लेथवर पिटाळला. शंकेखोर माणूस जन्मभर फोरमनच राहतो.

२० मार्च
माल रवाना. आटे असे, की बघत राहावं. शेवटच्या पेटीला खिळे मी स्वतः ठोकले.

२६ एप्रिल
गिऱ्हाइकाची मेल, सोबत फोटो. त्यांच्या नळाला बाहेरून आटे, आपल्या कपलिंगलाही बाहेरून. लग्नात बिनसलेल्या व्याह्यांसारखे समोरासमोर उभे. उघड आहे : त्यांचे नळ चुकलेत. उद्या तसं सविस्तर कळवतो. ऑर्डर रद्द करायची भाषा करतायत. करून बघा!

२७ एप्रिल, दुपार
सूनबाई माझ्या खुर्चीत. अर्धा तास फोनवर, त्यांच्या भाषेत. मध्येच त्या हसल्या, पलीकडचाही हसला. कशाला, ते मी विचारलं नाही. "बाबा, महिन्यात नवा माल गेला तर ऑर्डर राहील. मी सगळं लिहून देते. तोवर याला घ्या."

घेतलंय. पाऊण तास झाला. बाळाला भूक लागलीय. शर्टाचं बटण चोखून झालं, आता छातीत तोंड खुपसून शोधतंय.

मी ओम्ब्रे.