तुमचा श्वास तुटला ती जागा

बाबा, आज सकाळपासून मी तुमचा आवाज कापत बसले आहे. रागाच्या भरात नाही. चहा पिऊन, निवांत. जरीपटक्याच्या बाजारात कापडाच्या दुकानावर माझी रेकॉर्डिंगची खोली आहे. तुमच्या गायन पार्टीचा कन्हानला कार्यक्रम झाला होता, त्याची कॅसेट मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आहे. तुम्ही मला टेपच्या बटणाला कधी हात लावू दिला नाहीत. "पोरीचं काम नाही हे," म्हणायचात. आता बटणं पोरीच्याच हातात आहेत आणि तुम्हाला काही बोलता येत नाही.

फिल्टर म्हणजे आवाजाची चाळणी. पडद्यावर दोन गोल बटणं असतात. कटऑफ जिथे नेऊन ठेवाल त्याच्या खालचा जड आवाज गळून जातो, आणि रेझोनन्स वाढवला की त्या काठावरचा सूर फुगतो. मी कटऑफ हळूहळू वर नेला. आधी ढोलकी गेली. मग तुमचा तो भरदार खर्ज गेला, ज्याच्यासाठी लोक मांडवात जागा धरून बसायचे. रेझोनन्स वाढवल्यावर तर तुम्ही सर्दी झाल्यासारखे नाकात गायला लागलात. मी पोट धरून हसले, आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा लावली.

पण काम माझ्या हौसेचं नाही, आईचं आहे. धंतोलीच्या दवाखान्यात तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ती नुसती कुजबुजते. तिचं गाणं जगात या एका कॅसेटवर उरलं आहे, आणि तेही तुमच्या पाठीमागे. माईक एकच, तो तुमच्या तोंडाशी. आई मागे कोरसमध्ये. तिचा आवाज जरा वर आला की तुम्ही वळून न बघता नुसता पंजा मागे करायचात, आणि ती बसल्या जागी मागे सरकायची. असं सरकत सरकत ती एकदा मांडवाच्या कनातीला टेकलेली मी पाहिली आहे.

दुपारी तिला हेडफोन लावून दिले. ती डोळे मिटून ऐकते आहे. "अजून काप त्याले," म्हणते. मी कापते. "काहून थांबली? अजून." मी आणखी वर नेते. मग ती माझं मनगट धरते. "आता मीच चालली न वं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पट्टी कायम तुमची. हार्मोनियम तुमच्या गळ्याला सोयीचा सूर धरायची, आणि बाई असून आईला त्या खालच्या सुरात गावं लागायचं. तुम्हाला कापावं तर तीही कापली जाते. मेल्यावरही तुम्ही जागा सोडली नाहीत, बाबा. मला इतका संताप आला की हातातला माऊस भिरकावून द्यावा असं वाटलं.

मग ती जागा सापडली. अंतऱ्यात तुम्ही लांब तान घेता आणि मध्येच तुमचा श्वास तुटतो. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन छातीचं मडकं झालं होतं तुमच्या. गाणं पडू नये म्हणून आई एकटी वरच्या सप्तकात जाते आणि ओळ पुरी करते. त्या रात्रीचं स्वयंपाकघर मला आठवतं. ती भाकरी थापते आहे, तुम्ही दारात उभे आहात. "माह्यावर गेली तू, चारचौघात. आता घरीच राय." परत तिला कधी नेलं नाहीत तुम्ही.

तीच ओळ मी वेगळी काढली. तिथे तुम्ही नाहीच आहात, त्यामुळे कटऑफ हवा तितका वर नेता येतो. काठ बरोबर तिच्या सुराखाली ठेवला आणि रेझोनन्स जरासा वाढवला. आईने ती ओळ ऐकली. नंतर म्हणाली, "हे साऱ्यांईले आईकव." ऐकवणार आहे. येत्या जयंतीला, तुमच्याच वस्तीत, मोठ्या भोंग्यावर.

एक गोष्ट मात्र या चाळणीत गळत नाही. आई सूर उचलते त्याच्या आधी तुमचा तो तुटका श्वास येतो, नुसती हवा. ती हवा कटऑफच्या वरच राहते. कॉम्प्युटरवरच्या कात्रीने एका झटक्यात उडेल, पण मी तो श्वास ठेवला. का ठेवला, असं आईने विचारलं, तेव्हा म्हटलं, तुमचा दम संपला होता हे लोकांना कळू दे. ते खरंच आहे. पण लहानपणी तुमच्या शेजारी मी याच आवाजावर झोपायचे, हे तिला सांगितलं नाही.