मांडीवरची चार बोटं

प्रिय ऑरेली,

तुझा फोन आला की मी “बाबा मस्त आहेत” म्हणतो आणि लगेच हवापाण्याकडे वळतो, हे तुझ्या लक्षात आलं असणार. फोनवर मला खोटं जमतं. कागदावर जमत नाही, म्हणून लिहितोय.

रविवारी आपल्या मैदानावर रग्बीचा सामना होता. त्याआधी जिल, म्हणजे तुझे बाबा, खेळाडूंना शर्ट कसे वाटतो, ते तू लहानपणी दाराच्या फटीतून पाहिलं आहेस. नाव घ्यायचं, डोळ्यांत बघायचं, शर्ट हातात ठेवायचा. त्या वेळी खोलीत कुणी खोकतसुद्धा नाही. फ्रान्सच्या निळ्या शर्टात तो चार सामने खेळला, पुढे शहरातल्या मोठ्या संघाचा कोच झाला, तिथल्या अध्यक्षाने फोनवरूनच त्याला घरी बसवलं, गावात परत येऊनही आता अकरा वर्षं झाली. एवढ्या काळात हा रिवाज त्याने एकदाही चुकवला नाही. रविवारी पहिला शर्ट उचलून त्याने हाक मारली, “पात्रिक!”

आमच्या जुन्या संघातला पात्रिक बाहेर सॉसेज भाजत होता. साठी उलटलीय त्याची, दोन्ही गुडघे बदललेत. आत कुणी हलेना. मग त्याचा मुलगा ल्युका उठला, “हो, कोच” म्हणाला आणि बापाच्या नावाने शर्ट घेऊन बसला. “क्रिस्तियाँ!” क्रिस्तियाँचा पुतण्या उठला. ज्यांच्या घरचं आज संघात कुणी नाही, ती नावं पोरांनी डोळ्यांनीच आपसात वाटून घेतली. दोन नंबरचा, त्याच्या जुन्या नंबरचा शर्ट मात्र जिलने स्वतःच्या खांद्यावर टाकला. नऊ नंबर आला तेव्हा म्हणाला, “एर्वे!” मी पाण्याच्या बाटल्या घेऊन शेजारीच उभा होतो. घेतला. “पोट आत घे, शिवण उसवेल,” तो म्हणाला. पोरं हसली, जरा जास्तच मोठ्याने हसली. बाहेर पडताना एकजण त्याच्या खांद्यावरचा शर्ट हळूच ओढत म्हणाला, “द्या कोच, गुंडी तुटलीय, शिवून आणतो.” त्या शर्टाला गुंडी नसतेच.

आम्ही जिंकलो. तेही वाईटच झालं, जिंकणाऱ्या कोचला थांब कोण म्हणणार.

सामन्यानंतर आपले अध्यक्ष रोलाँ मला बाजूला घेऊन म्हणाले, “एर्वे, आता थांब म्हणून तूच सांग त्याला. आम्ही तोंड उघडलं की तो भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवतो.” तो एप्रिलमधल्या तपासणीचा कागद. ‘स्मरणशक्ती वयाच्या मानाने ठीक.’ जिलने तो कपडे बदलायच्या खोलीत, खुंट्यांच्या वर चिकटवलाय. त्याचा फोटो तुलाही पाठवला होता त्याने. तू मला फोन करून आनंदाने रडली होतीस, आणि मी म्हणालो होतो, “बघ, उगाच घाबरत होतीस.” त्याच कागदाच्या जोरावर तो अजून बाहेरगावच्या सामन्यांना पोरांची मिनीबस चालवतो. परवाच्या दौऱ्यात त्याने गोल चौकाला तीन फेऱ्या मारल्या. पोरांना वाटलं गंमत करतोय, “अजून एक, कोच!” म्हणून ओरडत होती. चौथ्या फेरीला कुणी ओरडलं नाही.

तू नऊ वर्षांची होतीस तेव्हाचा ईस्टरचा सामना आठवतो? तू कठड्यावर बसली होतीस. जिल डोक्यावर आपटला आणि उठला तेव्हा त्याचे डोळे कुठेच बघत नव्हते. मोनिक, तुझी आई, स्टँडमधून ओरडत होती, “एर्वे, बाहेर काढ त्याला! एर्वे!” कप्तान मी होतो. मी ऐकलं नाही असं दाखवलं. त्याच्यावाचून आम्ही हरलो असतो. डॉक्टर धावत आले, त्यांनी विचारलं, “जिल, पहिला हाफ की दुसरा?” त्याने माझ्याकडे पाहिलं. चेंडू बाहेर गेला की तो आत फेकायचा तुझ्या बाबांनी, आणि कितव्या गड्याकडे फेकायचा ते मी मांडीवर बोटांनी दाखवायचं, अशी आमची वर्षानुवर्षांची खूण. मी दोन बोटं ठेवली. “दुसरा,” तो म्हणाला. डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली आणि तो परत आत गेला. त्या दिवशीचा चषक अजून क्लबच्या कपाटात आहे. अशा खुणा मी त्या एकाच दिवशी केल्या असं नाही, ऑरेली. किती वेळा, ते मलाही सांगता येणार नाही.

एप्रिलमध्ये तपासणीला त्याला मी घेऊन गेलो होतो. मी मागच्या खुर्चीवर होतो. डॉक्टर तुझ्याच वयाच्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, “कोणता महिना चालू आहे?” तुझे बाबा खिडकीकडे बघत राहिले. मग मान वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी तसंच. मी ठरवून काही केलं नाही, एवढं खरं मान. माझा हात आधीच मांडीवर होता. चार बोटं. “एप्रिल,” जिल म्हणाला. “तुमच्याकडे कॅलेंडर नाही का, मॅडम?” त्या हसल्या. वाराचं उत्तरही मीच दिलं, तारखेचंही.

तो कागद माझा आहे, ऑरेली, त्याचा नाही. हे त्याला सांगायला मी तीनदा त्याच्या दारापर्यंत गेलो. तिन्ही वेळा त्याने सूप वाढलं आणि मी पिऊन आलो. येत्या चौदा तारखेला सकाळी दहाची तपासणीची वेळ मी पुन्हा घेतली आहे. त्या दिवशी तू ये आणि त्याला तू घेऊन जा. मी येतो म्हणालो, हट्ट केला, तरी मला आत येऊ देऊ नकोस. त्याने माझ्याकडे पाहिलं, तर मी पुन्हा उत्तर सांगेन.

तुझाच,
एर्वेकाका