सुप्रभाबाईंचं घर धनलक्ष्मीनं कुणाला दिलं

मी, धनलक्ष्मी, कैलासवासी मुरलीराव यांची पत्नी, वय चौपन्न, राहणार तंजावर, मुलींच्या शाळेत भूगोलाची शिक्षिका, माझ्यामागे काय कुणाचं हे आज स्वतःच्या हाताने, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. जिभेबद्दल त्यांनी काही लिहिलेलं नाही. नोंदणीसाठी तमिळ प्रत वेगळी आहे. ही मराठी प्रत घरच्यांसाठी. माझा मुलगा कार्तिक याला नागरी वाचता येत नाही, तेव्हा नणंद विजयलक्ष्मी, म्हणजे आमची विजी, हिने मोठ्याने वाचावी, आणि स्वतःबद्दलचा मजकूर आला की लाजून गाळू नये.

कलम एक, घर. हे सासऱ्यांनी, शेषाद्रीराव मामंजींनी, मुरली गेल्यावर दानपत्राने माझ्या नावे केलं. माझ्या म्हणजे सुप्रभाबाईच्या. आमच्यात सून घरात आली की चांदीच्या ताटात तांदूळ पसरून त्यावर तिचं नवं नाव लिहितात. माझं सुप्रभा लिहिलं. त्या नावाने हाक मारत ते फक्त मामंजी, आणि त्यांना वाटायचं, सरकारही तशीच हाक मारतं. शाळेत, बँकेत, आधारवर मी धनलक्ष्मीच राहिले.

मामंजींच्या मागे थोरले दीर राममूर्तीराव यांनी तहसील कचेरीत अर्ज केला की सुप्रभा नावाची बाई अस्तित्वात नाही, सबब घराचा पट्टा, मालकीचा सरकारी उतारा, वारस म्हणून आपल्या नावे व्हावा. घरपट्टी भरायला गेले तेव्हा मला हे कळलं. सब-रजिस्ट्रार कचेरीतून विल्लंगम काढलं, म्हणजे घराच्या आजवरच्या व्यवहारांचा दाखला. त्यात मालक सुप्रभाच होती.

"अम्मा, दुरुस्ती करायची तर सुप्रभांना घेऊन या," कारकून म्हणाला.

"आणलंय."

"कुठे आहेत?"

"तुमच्यासमोर."

"मग धनलक्ष्मी कोण?"

"तिला बाहेर उन्हात कशाला उभी करू? तीही आत आलीय."

तो हसला नाही. जेवणाची वेळ टळत होती. पण सांगितलं नीट: दान देणारा हयात नसेल तर चूकदुरुस्तीच्या लेखावर त्याच्या सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. म्हणजे कार्तिक, विजी आणि खुद्द राममूर्तीराव.

विजी नवरा वारल्यावर इथेच राहायला आलेली. तिला दुसरं छप्पर नाही. भाऊ रागावला तर माहेर तुटणार, भावाला घर मिळालं तर गाठोडं बाहेर पडणार. तरी पहिली सही तिने केली. मग मला ओढत तिरुवैयारुच्या बसमध्ये बसवलं आणि भावाच्या दारात नेलं.

भावोजी झोपाळ्यावर होते. म्हणाले, "कागदावर जी नाही ती बाई नाही. त्याला मी काय करू?"

"अण्णा, ओरत्तनाडूचं शेत कुणाच्या नावे घेतलंस?" विजीने विचारलं.

"तुझ्या वैनीच्या. कमलाक्षीच्या."

"कमलाक्षी हे नाव ताटात मी लिहिलंय रे, माझ्या बोटाने. तिच्या आधारवर काय आहे?"

झोपाळा थांबला. स्वयंपाकघरातून कमलाक्षीअक्का म्हणाल्या, "पद्मावती. सही आधी, की कॉफी आधी?"

भावोजींनी कॉफीची वाट पाहिली नाही.

आता पट्ट्यावर 'धनलक्ष्मी ऊर्फ सुप्रभा' आहे. सबब हे घर विजी हयात असेपर्यंत तिच्या राहण्याचं. पाहुणीसारखं 'कधी निघणार' असं तिला कुणी विचारू नये. तिच्यानंतर घर सून हरिताचं, आणि तिचं नाव आधारवर आहे तसंच घालावं. तिच्या लग्नात मी ताट बाहेर काढलं नाही. भावोजींनी कारण विचारलं नाही.

कलम दोन. कार्तिक, रुसू नकोस. बँकेतली शिल्लक तुझी. माझं नाक तुला आधीच मिळालं आहे.

कलम तीन. पृथ्वीचा गोल शाळेला. त्यावर कावेरी मी शाईने ओढली आहे, कंपनीला ती दिसली नव्हती. पुसू नये.

कलम चार. माझा पितळी कॉफी फिल्टर कमलाक्षीअक्कांना, आणि सोबत सल्ला: शेताचे कागद भावोजी हिंडते-फिरते आहेत तोवर दुरुस्त करून घ्यावेत.

भावोजींविषयी. वडिलांनी थोरल्याला न विचारता घर सुनेला दिलं, हे त्यांना लागलं. मलाही लागलं असतं. मामंजींची काठी त्यांचीच होती, पण ती या मृत्युपत्रात घालत नाही, आजच हातात दिली आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये म्हणतात.

शेवटचं, चांदीचं ताट. ते विजीचं. त्यात पुन्हा कुणाचं नाव लिहू नये, रोज जेवावं. पहिल्या दिवशी खीर असावी.

सुप्रभा हे नाव मला आवडायचं. हे सांगायला कुठल्याच कचेरीत खिडकी नव्हती, म्हणून इथे लिहिलं.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. हे वाचून, समजून, दोघा साक्षीदारांसमोर सही केली.

सही: धनलक्ष्मी
सही: सुप्रभा
(हात एकच)

साक्षीदार:
१. संगीता गुरुराज, सहशिक्षिका
२. राममूर्ती शेषाद्रीराव, दीर. वरील दोन्ही बायांना मी ओळखतो.

तंजावर, १४ जून २०२४