सगळ्या लेनांवर चालणारा एकच बॉल

१२ सप्टेंबर, गुरुवार
बाउलिंग लीगचा पहिला दिवस. स्कोअर तीनशेपैकी एकशे एकतीस. खेळलो उत्तम, पण लेनवर लावतात ते तेल आज फार. बॉल वळेचना, पिना जागच्या जागी. कॅप्टन ऑर्विल म्हणाला, तेल काय एकट्या तुझ्यासाठी ओतलं होतं का? तांत्रिक बाबतीत ऑर्विल कच्चा आहे.

१४ सप्टेंबर, शनिवार
निश्चय. तेलकट असो, सुकी असो, मिलवॉकीतल्या कुठल्याही लेनवर चालेल असा एकच बॉल घ्यायचा. दुकानदार लोथर म्हणाला, मधल्या स्वभावाचा घे, फार वळणारा नको आणि फार सरळही नको. मग विचारलं, बायको कशी आहे? म्हटलं, व्हर्ना शबॉयगनला बहिणीकडे आहे, चार दिवसांसाठी.
जूनमध्ये गेली.

१९ सप्टेंबर, गुरुवार
बॉल आला. निळा, पंधरा पौंडी, भोकं माझ्या बोटांच्या मापाची.
एकशे अठ्ठावीस. नव्या बॉलला लेनची सवय व्हावी लागते.

२२ सप्टेंबर, रविवार, सकाळी ११
व्हर्नाचा फोन. म्हणाली, क्लॅरन्स, तुला काही वाटतं का रे? नीट विचार करून सांगितलं, हो, बॉल जरा जास्तच गुळगुळीत वाटतो.
मग फोन कट झाला. लाइन खराब असावी.

३ ऑक्टोबर, गुरुवार
सँडपेपरने घासून बॉल खरखरीत केला. तेलात झकास वळला. पुढची लेन सुकी निघाली, तिथे इतका वळला की थेट लेनच्या कडेच्या गटारात. तीनदा.
ऑर्विलने बाजूला घेतलं. म्हणाला, भल्या माणसा, लेन बघून उभं राहायची जागा बदलायची असते, तू वीस वर्षं एकाच ठिपक्यावर उभा आहेस. म्हटलं, याला सातत्य म्हणतात. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यापासून टीममध्ये तुझ्या जागी ड्वेन खेळेल.
बरंच झालं. अभ्यासाला वेळ मिळेल.

१२ ऑक्टोबर, शनिवार
उद्या शबॉयगन. अनोळखी लेनवर बॉलची खरी परीक्षा होते. येताना व्हर्नालाही घेऊन येईन. तिच्या बॅगांसाठी मागची सीट रिकामी केली. बॉल पुढच्या सीटवर, पट्टा लावून.

१३ ऑक्टोबर, रविवार, संध्याकाळ
बहिणीच्या घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, दोघी बाउलिंगला गेल्यात. म्हटलं, व्हर्ना खेळत नाही, ती मागे बसून माझा स्कोअर लिहिते. शेजारीण म्हणाली, असं होय.
तिथल्या बाउलिंग हॉलवर गेलो. तिसऱ्या लेनवर व्हर्ना होती. अंगात हिरवा शर्ट, पाठीवर तिचं नाव. हातात तिथल्याच रॅकवरचा टवका उडालेला बॉल. दोन पावलं डावीकडे सरकून तिने तो सोडला. दहाच्या दहा पिना पडल्या. बायका ओरडल्या, तीही ओरडली. तिचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता.
मला पाहिल्यावर जवळ आली. मी बॉल दाखवला. तिने दोन्ही हातांत घेतला, छान आहे म्हणाली, परत दिला.
विचारलं, कधी येतेस?
म्हणाली, मी येणार नाही, हे तुला जूनमध्येच सांगितलं होतं, स्वयंपाकघरात, तुझ्यासमोर उभी राहून. तू "बरं" म्हणालास.
मला आठवत नाही. म्हणालो असेन.
मग तिला हाक आली, तिची खेळायची पाळी होती. मी वाटेतून बाजूला झालो.