मडिवाळबुवांची प्लेट बुडवण्याबाबत

१० फेब्रुवारी १९३५, रविवार
रागाच्या भरात लिहिते आहे म्हणून अक्षर असे.

मी मॅट्रिक झालेली बाई. आंधळा विश्वास कोणावर ठेवत नाही. आणि चार वर्षे एका लफंग्याच्या आवाजावर देवपूजा केली!

घडले ते असे. आमच्या घरी गिरणीचे पीठ चालत नाही, चवीला जळके लागते. म्हणून मायाक्का दर रविवारी जात्यावर दळायला येते. नेहमीप्रमाणे फोनोवर मडिवाळबुवांच्या शंकराच्या भजनाची प्लेट लावली होती. तिला म्हटले, शिवरात्रीला बुवा सिद्रामप्पांच्या मांडवात गायला येणार आहेत, लेकीला घेऊन जा. असा गळा पुण्यवान माणसालाच मिळतो. संतच म्हण.

जाते थांबले. म्हणाली, "संत? आमचं मालक हायेत ते."

तिचा नवरा! नऊ वर्षांपूर्वी नाटक कंपनीबरोबर गेला. कंपनीतल्याच एका बाईबरोबर हुबळीला राहतो. जाताना हिच्या पाटल्या मोडून बाजाची पेटी घेतली. पदरात तेव्हा सात वर्षांची नीलव्वा. मायाक्का हे सगळे बाजारातला ज्वारीचा भाव सांगावा तसे सांगत होती. डोळ्यांत टिपूस नाही. तेव्हा तिच्या वाटचा संताप मलाच करावा लागला.

निश्चय: एक, प्लेट घराबाहेर. दोन, शिवरात्रीचे गाणे बंद. मायाक्काला न्याय मिळवून दिल्याशिवाय स्वस्थ बसणार नाही.

११ फेब्रुवारी
प्लेट केरात टाकता येत नाही. तिच्यावर शंकराचे नाव आहे. फोडणे तर अभद्रच. भंगलेल्या मूर्तीप्रमाणे सिद्धेश्वराच्या तलावात विसर्जन करणे हाच शास्त्रोक्त मार्ग. पण आज सोमवार, शंकराचा वार. उद्या.

१२ फेब्रुवारी, दुपारी
विसर्जनापूर्वी एकदा लावली. मुद्दाम. आता सत्य कळले आहे, तेव्हा आवाजातला खोटेपणा ऐकू यायला हवा. पहिल्या अंतऱ्यात सापडला नाही. पुन्हा लावली. मग प्लेट उलटून मागची कानडी बाजू लावली. मला कानडी कळत नाही, तरी डोळ्यांना पाणी आले. खोटेपणा इतका बेमालूम लपवतो! ढोंगी मेला!

१४ फेब्रुवारी
भजनी मंडळाची मीटिंग माझ्या अध्यक्षतेखाली. रिझोल्यूशन: मडिवाळबुवाची एकही चाल यापुढे मंडळात म्हणायची नाही. सर्वानुमते पास. नंतर सारजाबाई म्हणाल्या, "मग म्हणायचं काय? अकरा भजनं येतात आपल्याला, त्यातली दहा त्याच्या चालीवर. अकरावी आरती. आरतीच म्हणत बसायची का दोन तास?"

सारजाबाईंना प्रत्येक चांगल्या कामात खोड काढायची सवय आहे. नवी, शुद्ध चाल मी स्वतः लावणार.

१६ फेब्रुवारी
चाल तयार! भाकरी थापताना आपोआप सुचली, म्हणजे देवानेच दिली. मंडळात म्हणून दाखवली. सारजाबाई म्हणाल्या, "ही तर त्याच्याच प्लेटीची कानडी बाजू की हो."

जळतात.

१७ फेब्रुवारी, रविवार
मायाक्का दळायला आली. म्हणाली, "बाई, येक बोलायचं हुतं. शिवरात्रीला ते येनार न्हवं का..." मी म्हटले, भिऊ नकोस, मी त्याला सोलापुरात पाऊल टाकू देणार नाही. "तसं न्हाय बाई. नीलव्वाचं..." म्हणाली. पण मला सह्या गोळा करायला निघायचे होते. तिला म्हटले, नीलव्वालाही सांग, तुझी आई आता एकटी नाही.

अडाणी बायांना आपले हित समजत नाही. समजावून सांगायलाही वेळ लागतो.

२१ फेब्रुवारी
सह्या छत्तीस. सिद्रामप्पांच्या दारी गेले. मांडव त्यांचा, गवई त्यांनीच ठरवलेला. म्हणाले, "बाई, आमाला त्येंचा गळा पायजे, त्येंचा संसार न्हाय. हलवाई जुगार खेळतोय म्हणून पेढा कडू लागतोय काय?"

मी तिथल्या तिथे उत्तर दिले: जुगाऱ्याच्या हातचा पेढा मी देवापुढे ठेवत नाही! आणि मांडव सोडून छत्तीसही जणी रस्त्यावर बसू. सिद्रामप्पा आत निघून गेले.

घरी येऊन ह्यांना ही हकीकत सांगितली. तर इकडून विचारणे झाले की, आपण दर गुरुवारी ज्याचे पेढे आणतो, तोच ना तो हलवाई? अशा प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

२४ फेब्रुवारी, रविवार
विसर्जन पार पडले. तलावावर मंडळाच्या अठरा जणी. मी पुढे. सोवळे नेसले होते. प्लेट पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली. "ढोंग्यांचा धिक्कार असो" म्हणून सोडली. बुडबुडे आले. सारजाबाईंच्या डोळ्यांतसुद्धा पाणी होते.

(फक्त स्वतःच्या माहितीसाठी: फडक्यात इकडची हसण्याची प्लेट होती, ती, एक माणूस नुसता तीन मिनिटे हसतो ती. देवाचे नाव बुडवणे हे त्या माणसाच्या पापाहून मोठे पाप, हे तलावाच्या वाटेवर निघण्याआधी ध्यानात आले. दिसायला दोन्ही काळ्याच. धिक्कार मात्र अगदी खरा केला.)

२६ फेब्रुवारी
विजय! सिद्रामप्पांनी हुबळीला तार करून बुवाला येऊ नका म्हणून कळवले. मंडळात माझ्या नावाचा जयजयकार. दुपारी मायाक्काला वाटेत गाठून बातमी दिली. ती पदर सावरून चालू लागली. फार आनंद झाला की माणसाचे तोंड बंद होते.

इकडून संध्याकाळभर हसण्याची प्लेट शोधणे चालू.

३ मार्च, रविवार. महाशिवरात्र
उपवास. मांडवात आयत्या वेळी वैरागहून कोणी गवई बोलावला होता. सुरात नाही, पण निर्व्यसनी आहे. पंधरा मिनिटांत उठून आले. डोके दुखत होते.

दुपारी दारे लावून, कर्ण्यात टॉवेल कोंबून प्लेट लावली. फोनो वापरात नसला की स्प्रिंग गंजते. एकदाच. नंतर कानडी बाजू.

मायाक्का दळायला आली नाही. निरोपही नाही. ज्याच्यासाठी आपण जिवाचे रान करावे त्याने असे!

१० मार्च, रविवार
आजही नाही. डबा रिकामा. गिरणीचे पीठ आणावे लागले, जळकेच लागले. रागाने तिच्या घरी गेले. चांगली खडसावणार होते.

ती अंगण सारवत होती. नीलव्वाचे लग्न गुरुवारी. मला आमंत्रण नाही! म्हटले, हे काय गं? तेव्हा हात धुऊन समोर बसली आणि जे सतरा तारखेला मी ऐकून घेतले नव्हते ते सांगितले.

मुलगा अक्कलकोटकडचा, चांगला. व्याही तिप्पण्णा जुन्या वळणाचे. बाप जिवंत असेल तर त्याने येऊन मुलीचा हात द्यावा, नाहीतर बाप मेला म्हणून सांगा आणि मामाला उभा करा. मायाक्काने ठरवले होते, शिवरात्रीला मांडवामागे जाऊन त्याच्यापुढे उभे राहायचे. भांडायला नाही. एवढेच म्हणायला, की लेकीच्या लग्नाला घटकाभर ये. "समोर बघून न्हाय म्हनाले नसते बाई. त्येंची आई वारली तवा निरोप धाडला, आले न्हाईत. पन समोर उभं ऱ्हायलं की माणूस मऊ हाय. म्हणून तर सोडून गेले, त्या बाईलाबी समोर न्हाय म्हनायची हिंमत न्हाय."

मी म्हटले, मला आधी का नाही सांगितलेस?

तिने नुसते माझ्याकडे पाहिले.

मग म्हणाली, "आता मामा उभा ऱ्हाईल. पन जित्या माणसाला मेला म्हनायचं माझ्या तोंडातनं निघंना. बाई, लग्नाला ती पलेट द्या की. पोरीला बापाचा आवाज तरी हुईल."

मी म्हटले, प्लेट तर तलावात आहे, अठरा जणी साक्षीला होत्या.

मायाक्का हसली. "शिवरात्रीला दुपारी तुमच्या दारापतूर आल्ते. टावेल कोंबला तरी नवऱ्याचा आवाज वळखू येतोय. मग माघारी गेले." आणि उठता उठता म्हणाली, "दळन धा घरचं मिळतंय मला. तुमचंच कशाला धरलं वाटतंय तुमाला?"

परत येताना वाटेत चप्पल तुटली. तिच्यावर राग काढला.

१४ मार्च, गुरुवार
फोनो स्वतः डोक्यावर घेऊन गेले. टांगा केला नाही. मांडवात मंडळाच्या सगळ्या जणी, मायाक्काने गल्लीभर बोलावणे केले होते. चावी दिली, सुई ठेवली. पहिल्याच आलापाला सारजाबाई म्हणाल्या, "अगं बाई! ही बुडबुडे काढत गेलेली ना?" छत्तीसही सह्या माझ्याकडे वळून पाहत होत्या.

अक्षतांच्या आधी तिप्पण्णा उठून मोठ्याने म्हणाले, "पोरीचा बाप कुटं हाय? हाय का मेलाय, येकदा सांगून टाका."

मायाक्काने फोनोकडे बोट केले. "हितं गातोय की."

कोणी हसले नाही. तिप्पण्णा प्लेट संपेपर्यंत उभेच होते. मग खाली बसले आणि अक्षता हातात घेतल्या. नीलव्वाने मान वर करून कर्ण्यात पाहिले, आत कोणी बसले आहे तसे. मायाक्काचे डोळे मी पाहिले नाहीत. माझे मलाच पुसायचे होते.

माझे मत कायम आहे. तो माणूस हलकट. गळा...

१७ मार्च, रविवार
मायाक्का आता आमच्याकडे येत नाही. प्लेट नीलव्वाला आहेरात दिली. तेव्हा इथे यायचे तिला कारण उरले नाही.

स्वतः जात्यावर बसले. दोन शेरांत हातांना फोड. तोंडात त्याचीच कानडी चाल आली. थांबवली नाही.

इकडून पुन्हा विचारणे झाले की, हसण्याची प्लेट सापडली का. सांगून टाकले की ती तलावात आहे, मी धिक्कार करून बुडवली.

हातातले वर्तमानपत्र खाली ठेवणे झाले. मग हसणे सुरू झाले. त्या प्लेटीतल्या माणसापेक्षा जास्त वेळ.