भरतीच्या आज्ञावलीचा वारस

॥ श्रीकुलस्वामिनी प्रसन्न ॥

मी, कमलाकांत दामोदर सावे, राहणार माकुणसार, बोईसरच्या एका कारखान्याच्या संगणक विभागातून निवृत्त, स्थिर चित्ताने व कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहीत आहे. चित्त स्थिर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्या पश्चात घरचे काय म्हणतील याची मला खात्री नाही.

१. राहते घर, वाडी व बँकेतील ठेव पत्नी सौ. वत्सला हिची. तिच्याकडून कोऱ्या कागदावर कोणीही सही घेऊ नये. कोणी, हे ज्याचे त्याला कळेल.

२. पोथ्या देवळात द्याव्यात. पोच घ्यावी.

३. आता खरी मालमत्ता. एडवणच्या होड्यांना तिथीवरून भरतीची वेळ कळवणारी आज्ञावली मी सी भाषेत लिहिली. त्या भाषेने मला वर्षभर उंबऱ्याबाहेर उभे केले. आत घेतल्यावर मात्र फसवले नाही. नातू चि. मेहुल पायथन शिकला. ती पहिल्याच दिवशी पाट मांडून पंचपक्वान्ने वाढते. एवढे आतिथ्य मला संशयास्पद वाटते. हिताचे ते श्रेय आणि गोडीचे ते प्रेय, यांतला भेद ऋषींनी उगाच सांगितलेला नाही. चढ कोणालाच चुकत नाही. सोप्या वाटेवर तो पुढे, धुक्यात असतो.

"आजोबा, तुमचं वर्षाचं काम मी आठवड्यात केलं!" असे म्हणून मेहुलने मला न विचारता स्वतःची आज्ञावली होडीवाल्यांना दिली. तिने सूर्योदयाची तिथी दिवसभर धरली. क्षयतिथीच्या दिवशी, म्हणजे एक अख्खी तिथी दोन सूर्योदयांच्या मधेच सुरू होऊन संपते तेव्हा, वेळ अलीकडची निघाली आणि पाणी चढण्याआधीच देवू तांडेल याची होडी खाडीच्या चिखलात कलंडली. देवू ओट्यावर येऊन म्हणाला, "काका, तुमच्या पोराच्या फोनात पानी आलं, आमच्या खाडीत नाय!"

"एका ओळीची चूक होती, दुरुस्त केली," मेहुल म्हणाला. कोणती ओळ, असे मी विचारले. त्याने फोनकडे पाहिले.

४. सबब माझी आज्ञावली, संगणकासह, मेहुलला मिळावी. परंतु अट अशी. भरतीची वेळ त्याने हव्या त्या भाषेत काढावी, आणि पुढल्या क्षयतिथीला त्याच वेळेवर, देवूच्याच होडीत स्वतः बसून खाडीत शिरावे. माझी पहिली वेळ मीही तशीच तपासली होती. देवूचे वडील वल्ह्यावर होते. होडी चिखलात टेकल्यास पाय धुऊन पुन्हा बसावे. मुदत नाही.

संगणकाचा पासवर्ड देवूकडे बंद पाकिटात आहे. लाख मी स्वतः लावली आहे.

माकुणसार, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १९४७, दि. २५ नोव्हेंबर २०२५

(सही) कमलाकांत दामोदर सावे

आमच्यासमक्ष सही केली; दोघांपैकी कोणीही नातेवाईक नाही, हे हेतुपुरस्सर:
१. देवू तांडेल, एडवण
२. अर्चना राऊत, शिरगाव